जाहिरात शिकलात, आता स्वतःची ओळख कशी द्याल?

बासी ईदेच्या दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी शीरखुर्म्याचा डबा घेऊन घरी आली. आठवी ते दहावी मी तिला मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवले. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा तिने आमच्या शाळेतूनच दिल्या. पुढे नागपूरला उपयोजित कलेच्या पदवीसाठी गेली. जाहिरात हा तिचा मुख्य विषय, आणि आता शेवटचे वर्ष. ईद मुबारक झाले, चहा झाला, आणि मग तिने खाली बघत सांगितले, "मॅडम, मुंबई-पुण्याच्या एक्केचाळीस एजन्स्यांना मेल पाठवला. एकाचंही उत्तर नाही. अब्बा रोज फोनवर विचारतात, काही आलं का?"

तिचे अब्बा म्हणजे आर्वीतले जुने पेंटर. किराणा दुकानाची पाटी, कृषी केंद्राची भिंत, ट्रकची मागची फळी, निवडणुकीतल्या घोषणा, लग्नाचे बॅनर, सगळे त्यांच्या हातचे. मग फ्लेक्स आले. जी पाटी रंगवायला दोन दिवस लागत, ती मशीनमधून दहा मिनिटांत निघू लागली. आज ते त्याच फ्लेक्सला लाकडी चौकट ठोकून देण्याचे काम करतात. मुलीच्या फीसाठी त्यांनी कर्ज काढले आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. तो त्यांनी मला आधीच विचारला होता, "मॅडम, ज्या धंद्यानं माझा ब्रश बंद केला, त्याच धंद्यात पोरगी चालली. तिथं तिला कोण ओळखेल?"

मी भाषेची शिक्षिका आहे, जाहिरातीची नाही. पण या क्षेत्रात गेलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना फोन लावले, थोडे वाचले, आणि उरलेली सुट्टी आम्ही दोघी तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. त्यातून जे समजले ते इथे लिहिते आहे. आपल्या घरांतली अनेक मुले-मुली आता बीए मल्टिमीडिया, उपयोजित कला, डिजिटल मार्केटिंग असे अभ्यासक्रम घेतात. त्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे.

उत्तर का येत नाही?

आधी तिचा मेल वाचला. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, आय ॲम हार्डवर्किंग अँड क्रिएटिव्ह" अशी सुरुवात. एकाच मेलमध्ये एक्केचाळीस पत्ते, आणि प्रत्येकाला उरलेले चाळीस दिसत होते. सोबतची फाइल इतकी जड की माझ्या फोनवर उघडेपर्यंत चहा निवला. फाइलचे नाव "फायनल-नवीन-३".

मग कामे पाहिली. चोवीस होती. शीतपेय, शाम्पू, परदेशी बूट, महागडी मोटार. सगळी वर्गात दिलेल्या सरावाची. मी विचारले, "हे बूट तू कधी घातलेस?" ती म्हणाली, "नाही." "घालणारं कोणी ओळखीचं?" "नाही." मग त्या बुटांविषयी ती नवे काय सांगणार? देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांच्या फाइलमध्ये तेच बूट असतात. पाहणाऱ्याला त्यातून मुलगी दिसतच नाही.

एजन्सीत कोण काय करते हे माहीत असले तर निम्मे काम सोपे होते. क्लायंटशी बोलणारा एक विभाग असतो. ग्राहकाचा अभ्यास करून दिशा ठरवणारा दुसरा. जाहिरात कुठे, किती वेळा द्यायची हे ठरवणारा मीडिया विभाग तिसरा. आणि क्रिएटिव्ह विभागात कॉपीरायटर व आर्ट डायरेक्टर अशी जोडी बसते, एक शब्दांकडे पाहतो, दुसरा चित्राकडे. आता त्यात सोशल मीडिया आणि व्हिडिओची माणसे आली. आपल्याला यातले काय व्हायचे आहे हे मेलच्या पहिल्या ओळीत आले पाहिजे. "काहीही काम चालेल" असे लिहिणाऱ्याला कोणत्या टेबलावर बसवायचे हे समोरच्याला कळत नाही. क्रिएटिव्ह विभागात गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाची वही, आधी उघडली जाते.

पोर्टफोलिओत काय ठेवावे?

आम्ही चोवीसमधून अठरा कामे काढून टाकली. तिला वाईट वाटले, पण कच्चे काम चांगल्या कामालाही खाली ओढते. सहा ते आठ कामे पुरतात. सगळ्यांत चांगले पहिले, दुसऱ्या क्रमांकाचे शेवटी. प्रत्येक कामाच्या आधी दोन-तीन ओळी: अडचण काय होती, कोणाशी बोलायचे होते, मी काय सुचवले. नुसते सुंदर चित्र पाहून सौंदर्यदृष्टी कळते, विचार कळत नाही. एजन्सीला विचार करणारा माणूस हवा असतो, कारण सॉफ्टवेअर शिकवता येते.

काम चौघांनी मिळून केले असेल तर आपला वाटा किती, हे लिहावे. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केले असेल तर तेही सांगावे. दुसऱ्याची कल्पना उचलली तर या लहानशा बिरादरीत ते लवकर उघड होते आणि नाव कायमचे जाते. फाइल हलकी ठेवावी, नावात स्वतःचे नाव आणि कामाचा प्रकार असावा, आणि पाठवण्याआधी घरातल्या कोणाच्या तरी साध्या फोनवर ती उघडून पाहावी.

अब्बांची अक्षरे

उरलेल्या सहा कामांत तिचे स्वतःचे असे काय होते? फारसे काही नाही. मी तिला म्हटले, "एक दिवस अब्बांबरोबर गावातून फिर."

ती फिरली. बाजार ओळ, बसस्थानक, जिनिंगच्या भिंती, पुलगावकडे जाणारा रस्ता. हाताने रंगवलेल्या जितक्या पाट्या उरल्या होत्या तितक्यांचे फोटो काढले. अब्बा सांगत गेले आणि ती लिहीत गेली. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ कशी उमटते, मराठी आणि उर्दू एकाच पाटीवर बसवताना कोणती ओळ आधी घ्यायची, सावलीतल्या दुकानाला पिवळा रंग का. एका ठिकाणी ते म्हणाले, "हे अक्षर एवढं मोठं का, तर कास्तकार बैलगाडीतून जाता जाता वाचायचा. त्याला थांबायला वेळ नसे." मुलगी मला म्हणाली, "मॅडम, कॉलेजात हेच आम्हाला चार महिने शिकवलं."

अक्षरांना या व्यवसायात केवढा मान आहे हे आपल्याला माहीत नसते. संगणकावर आपण ज्या 'मंगल' अक्षरांत मराठी टाइप करतो, ती घडवणारे र. कृ. जोशी हे जेजेचे विद्यार्थी आणि उल्का या जाहिरात संस्थेचे कलावंत होते. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे पाहून लोक नाटकाचे नाव लांबून ओळखत. शेडगे यांनी अक्षरांचे शिक्षण शाळेत नव्हे तर कामावर घेतले. आपल्याकडे तर खुशखतची परंपरा घराघरांत होती. उर्दू वर्तमानपत्रे कालपरवापर्यंत कातिबांच्या हातांनी लिहिली जात. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद (एनसीपीयूएल) आजही कॅलिग्राफी आणि ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम चालवते. हा वारसा ओझे समजून घरी ठेवू नका, तो पोर्टफोलिओत जातो.

भाषांचेही तसेच. आपली मुले घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी बोलतात. त्यांना वाटते आपली इंग्रजी कच्ची, म्हणजे आपण कमी. पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वीत आले तेव्हा भारतीय जाहिरात बहुतेक इंग्रजीत विचार करी आणि मग भाषांतर करी. पांडे यांनी राजस्थानच्या घराअंगणातली बोली आणली, आणि तीच त्यांची ओळख झाली. कोल्हापूरचे अरुण कोलटकर मराठी-इंग्रजी दोन्हींत कविता लिहीत आणि पोटासाठी जाहिरातीत काम करीत. जाहिरात कलावंतांच्या गिल्डचा, म्हणजे कॅगचा, पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. अलिक पदमसी खोजा मुस्लिम कुटुंबातले, रंगभूमीवरून या क्षेत्रात आले. सर्फची ललिताजी आणि लिरिलचा धबधबा हे त्यांच्या काळातले लिंटासचे काम. तिघांनीही बाहेरून काहीतरी आणले. इंग्रजी शिकायचीच आहे, त्यात हयगय नको. पण घरची भाषा लपवायचे कारण नाही.

गाडी चुकली तरी

रझांची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्मले. तेव्हा मंडला, नागपूर, वर्धा हे सगळे एकाच मध्य प्रांतात होते. नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून १९४३ मध्ये ते शिष्यवृत्ती घेऊन मुंबईच्या जेजेत निघाले. पण पोहोचायला उशीर झाला, प्रवेश बंद झाला होता आणि शिष्यवृत्तीही गेली. रझा परत आले नाहीत. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ या छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर म्हणून लागले. दिवसभर नोकरी आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची चित्रे. ती चित्रे त्यांनी प्रदर्शनांत ठेवली, आणि रुडी फॉन लायडेन या कलासमीक्षकाने त्यांची दखल घेतली. पुढे जेजेतही शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तर मुंबईत सिनेमाचे होर्डिंग रंगवत होते.

या दोघांना कोणी घरी येऊन शोधले नाही. पोटाचे काम करता करता त्यांनी आपले काम लोकांच्या नजरेसमोर ठेवले. परदेशातलाही असाच एक दाखला आहे. डेव्हिड ओगिल्वी स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कंपनीच्या स्वयंपाकाच्या शेगड्या विकत. शेगडी कशी विकावी यावर १९३५ मध्ये त्यांनी विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. भाऊ लंडनच्या एका जाहिरात संस्थेत होता. त्याने ती तिथे दाखवली आणि ओगिल्वींना काम मिळाले. भावाची ओळख होती हे खरे, पण दाखवायला हातात पुस्तिका होती.

गावातलेच क्लायंट

आमच्या मुलीने सुट्टीत तीन खरी कामे केली. मोहल्ल्यात एक बेवा बाई हाताच्या शेवया करून विकतात. त्यांच्या पाकिटासाठी तिने लेबल केले. ते करताना तिला कळले की पाकिटबंद खाद्यपदार्थासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि पाकिटावर वजन व तारीख लिहावीच लागते. नोंदणीचा अर्ज तिनेच भरून दिला. आता दोन किराणा दुकाने ती पाकिटे ठेवतात. दुसरे काम संत्र्याच्या एका बागायतदाराचे, रस्त्यावरच्या टपरीसाठी. तिसरे आर्वीच्या नावाचे पोस्टर. गावाची स्थापना तेलंगराव यांनी केली असे जुने गॅझेटियर सांगते. हिंदू त्यांना आपले म्हणतात, मुसलमान आपले, आणि समाधीवर दोघेही जातात. या गोष्टीला एका पोस्टरमध्ये बसवणे सोपे नव्हते. चार वेळा फाडले.

छोट्या दुकानदाराचे काम केलेल्या मुलाला पैसे वेळेवर न देणारा क्लायंट माहीत असतो, "अजून थोडं मोठं करा" म्हणणारा क्लायंट माहीत असतो. पाहणारा हे ओळखतो. मात्र फुकट करू नका. थोडे का होईना, पैसे घ्या आणि पावती द्या.

स्पर्धा आणि प्रदर्शने

कलासंचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो आणि त्यात उपयोजित कलाही असते. क्युरिअसचे यंग ब्लड पुरस्कार, लंडनच्या डी अँड एडीचे न्यू ब्लड, न्यूयॉर्कच्या वन क्लबचे यंग वन्स या तरुणांसाठीच्या स्पर्धा. परदेशी स्पर्धेचे शुल्क परवडले नाही तरी हरकत नाही. डी अँड एडी आपले प्रश्न, म्हणजे ब्रीफ, जाहीर करते. ते घेऊन घरी सराव करता येतो. जेजे उपयोजित कला संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला व्यवसायातली माणसे येतात. एकदा तरी तिकडे जाऊन दुसऱ्या मुलांचे काम बघावे, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळते. ज्यांची मुले अजून बारावीत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची एमएएच-एएसी सीईटी द्यावी लागते. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळात चौकशी करावी.

मेल कसा लिहावा?

एक्केचाळीस पत्त्यांऐवजी आम्ही नऊ माणसे निवडली. प्रत्येकाचे एखादे काम तिने खरेच पाहिले होते. मेल सात-आठ ओळींचा: तुमचे अमुक काम पाहिले, त्यातले हे आवडले, मी आर्वीची, जाहिरात शिकते, कॉपीपेक्षा अक्षरे आणि मांडणी माझा विषय, ही माझी कामे, वेळ असेल तर कोणते काम काढून टाकावे एवढे सांगाल का? नोकरी मागितली तर "जागा नाही" म्हणणे सोपे. सल्ला विचारला तर माणूस फाइल उघडतो. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर नाही. कोणी दोष दाखवला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवावे. दुरुस्ती करून परत येणारा विद्यार्थी लक्षात राहतो, हे मी वीस वर्षे वह्या तपासून सांगू शकते.

पालकांसाठी दोन गोष्टी

पहिली, खरेपणाची. अनेक घरांत मला विचारले जाते, "जाहिरात म्हणजे खोटं बोलायचा धंदा ना?" बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढणारे आणि विक्रेत्याला त्याबद्दल खडसावणारे आपले पैगंबर (स.) आहेत. ओले धान्य वर ठेव, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, हा त्यांचा आग्रह जाहिरातीलाही लागू होतो. कायदाही तेच म्हणतो. १९८५ मध्ये जाहिरात व्यवसायाने स्वतःच्या नियमनासाठी एएससीआय ही संस्था स्थापन केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणती जाहिरात करायची नाही हे मुलाने आधीच ठरवावे. दारू, जुगार किंवा सट्ट्याचे ॲप असे काम नको असेल तर मुलाखतीत नम्रपणे सांगावे. नेमून दिल्यावर भांडण्यापेक्षा ते बरे.

दुसरी, सावधपणाची. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो. मुलाखतीआधी एक छोटे काम करून दाखवायला सांगणे रास्त आहे. आठवडाभर फुकट राबवून कल्पना घेणे रास्त नाही. इंटर्नशिप किती महिने, स्टायपेंड किती, कामाची वेळ काय, हे लेखी घ्या. मुलगी असेल तर वसतिगृह स्वतः पाहून या, पण "लांब आहे" एवढ्या कारणासाठी तिला थांबवू नका.

पुढे काय झाले?

नऊपैकी तिघांनी उत्तर दिले. एकाने सभ्यपणे नकार कळवला. दुसऱ्याने दोन कामे काढून टाकायला सांगितली, आणि ती खरेच कच्ची होती. तिसऱ्या बाईंनी एकच ओळ लिहिली: ही पाट्यांची अक्षरे कोणाची? तिने अब्बांविषयी लिहिले. फोनवर दोनदा बोलणे झाले. शेवटच्या परीक्षेनंतर पुण्यात तीन महिन्यांची इंटर्नशिप ठरली. स्टायपेंड वसतिगृह आणि जेवणात संपेल एवढाच आहे. तीन महिन्यांनंतर काय, ते अजून कोणी सांगितलेले नाही.

"म्हणजे पक्की नोकरी नाही?" अब्बांनी मला विचारले. मी म्हटले, "नाही भाई, पक्की नाही. पण आता तिला ओळखणारं तिथं कोणीतरी आहे." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाजार ओळीतली ती हिरवी पाटी राहिली फोटोत घ्यायची. मालक पुढच्या महिन्यात फ्लेक्स लावणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे जाऊन तो फोटो काढून आले. तुमच्याही गावात अशी एखादी पाटी उरली असेल, आणि घरात जाहिरात शिकणारे मूल असेल, तर त्याला आजच तिथे घेऊन जा.